पुण्यातले वाडे आणि संग्रहालयं: नव्याने आलेल्यांनी कोणत्या क्रमाने बघावीत?

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेली बरीच मंडळी पहिल्याच महिन्यात शनिवारवाडा उरकतात आणि हिरमुसून बाहेर पडतात. "आत काहीच नाहीये की! नुसती हिरवळ आणि दगडी चौथरे." तक्रार रास्त आहे. पुण्यात घर एकीकडे आणि घरातलं सामान दुसरीकडे, अशी परिस्थिती आहे. पेशव्यांच्या वाड्याचं जोतं शनिवारवाड्यात दिसतं. तसल्या वाड्याचं लाकूडकाम बघायचं तर विश्रामबागवाड्यापाशी जावं लागतं. त्या काळातल्या माणसांचे दिवे, अडकित्ते, पानाचे डबे राजा केळकर संग्रहालयात आहेत आणि कागदपत्रं पुराभिलेखागाराच्या पेशवे दप्तरात. एकेक ठिकाण सुटं बघितलं की सगळीच अर्धवट वाटतात. क्रमाने बघितली तर एकमेकांची रिकामी जागा भरतात. पुढचा सगळा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

पायरी १. समोरची वास्तू किती खरी आहे, ते आधी ठरवा

तिकीट काढण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी मूळ वास्तू बघतोय, अवशेष बघतोय, की नंतर बांधलेली प्रतिकृती?

लाल महालाचंच बघा. शहाजीराजांनी बांधलेला, जिजाऊ आणि बालशिवाजी राहिले तो, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तो लाल महाल आज अस्तित्वात नाही. कसब्यात उभी आहे ती वास्तू महानगरपालिकेने बांधून १९८८ मध्ये पूर्ण केली. तिथे जरूर जावं, मुलांना तर न्यावंच. मात्र "याच खिडकीतून खान पळाला" असं त्यांना सांगू नका. जागा त्या परिसरातली आहे, खिडकी नवी आहे.

याच्या उलट भिडेवाडा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती बुधवार पेठेतल्या या वाड्यात, दगडूशेठ गणपतीच्या समोर. अनेक वर्षं मोडकळीला आलेली ती इमारत डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडली गेली. म्हणजे जागा आहे, वाडा नाही. जुन्या लेखात किंवा व्हिडिओत दिसलेला वाडा शोधत फिरू नका.

शनिवारवाडा अवशेषांत मोडतो, विश्रामबागवाडा बऱ्याच अंशी मूळ आहे, आगाखान पॅलेस जवळपास जसाच्या तसा आहे. एवढं मनात ठेवलं की कुठे काय मागायचं ते कळतं आणि निम्मा अपेक्षाभंग टळतो.

पायरी २. दिवस, वेळ, वाहन

वेळा इथे लिहीत नाही, कारण त्या बदलतात. शिवाय जुन्या वास्तू दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने बंद राहतात, आणि विश्रामबागवाड्याच्या बाबतीत तर हे लक्षात ठेवायलाच हवं. आदल्या दिवशी फोन करा. नकाशाच्या ॲपवर "आता सुरू आहे" दिसलं तरीही करा. महाविद्यालयांच्या आणि संशोधन संस्थांच्या आवारातली संग्रहालयं कचेरीच्या वेळेत चालतात, त्यामुळे तिथे रविवारी कुलूप मिळण्याची शक्यता जास्त. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. कॅमेऱ्याचं शुल्क काही ठिकाणी वेगळं असतं आणि काही दालनांत फोटोला बंदीच असते, म्हणून पाटी वाचूनच मोबाइल बाहेर काढा.

गाडी घेऊन पेठांत जाऊ नका. पार्किंग शोधण्यात जितका वेळ जाईल तितक्यात एक वाडा बघून होतो. मेट्रोच्या पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गावर कसबा पेठ स्थानकाला उतरलात की लाल महाल आणि शनिवारवाडा चालत जाण्यासारखे आहेत. पुढचं मंडई स्थानक फुलेवाड्यासाठी सोयीचं. आगाखान पॅलेसला वनाज ते रामवाडी मार्गाने कल्याणीनगरपर्यंत जायचं आणि तिथून चालत किंवा रिक्षाने.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत संध्याकाळी या भागात वाडे बघायला येऊ नये. तेव्हा गणपती बघायला यावं.

पायरी ३. शनिवारवाडा, सकाळी, बाहेरून सुरुवात

थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली. दोन्ही दिवस शनिवार, नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. पुढच्या पेशव्यांनी त्यात भर घातली. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीने आतलं सगळं नेलं. वाडा आठवडाभर जळत होता. खालचं बांधकाम दगडाचं होतं, ते राहिलं. वरचे मजले विटांचे आणि लाकडाचे होते, ते गेले. तुम्हाला दिसणाऱ्या मोकळ्या चौथऱ्यांचं कारण हे आहे.

आत जाण्याची घाई करू नका. आधी बाहेर मैदानात उभं राहून दिल्ली दरवाजा नीट बघा. तोंड उत्तरेला, दिल्लीच्या दिशेला. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढी उंची. दारांवर अणकुचीदार लोखंडी खिळे, तेही हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला, कारण दार फोडायला हत्तीच वापरत. मोठ्या दरवाजात कापलेली लहान दिंडी बघा. एरवी ये-जा तिच्यातूनच होई आणि वाकून आत शिरणारा माणूस पहारेकऱ्याच्या हातात असे. आत शिरल्यावर लगेच सरळ रस्ता मिळत नाही, वळावं लागतं. तेही संरक्षणासाठीच.

देवडीत, म्हणजे दरवाजालगतच्या पहारेकऱ्यांच्या जागेत, थांबून भिंतींकडे मान वळवा. रंगवलेल्या चित्रांचे पुसट अवशेष दिसतील. बहुतेक लोक हिरवळीकडे धावतात आणि त्यांची ही चित्रं राहतात. मग नगारखान्यात चढा. वाड्यात मूळ लाकूडकामाची थोडीफार कल्पना देणारी हीच एक जागा आहे, आणि वरून सगळ्या जोत्यांचा आराखडा एका नजरेत येतो. चौक कुठे, महाल कुठे, कारंजी कुठे, हे वरून समजून घेऊन मगच खाली उतरा. उलटं केलंत तर दगडांच्या रांगांमध्ये नुसतं फिरणं होतं.

खाली हजारी कारंजं बघा. कमळाच्या आकाराचं आहे आणि पाणी नसलं तरी त्याची घडण कळते. त्याला पाणी कुठून येई, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालच्या नळाने पाणी शहरात आणलं होतं आणि पेठांमधले हौद त्याच्यावर भरत. कात्रजचा हा नळ म्हणजे त्या काळातलं मोठंच काम. तो लक्षात ठेवा, फुलेवाड्यात हौद पुन्हा येणार आहे.

तटाला पाच दरवाजे आहेत: दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ किंवा नारायण दरवाजा. शेवटच्या नावापाशी लोकांना "काका, मला वाचवा" आठवतं. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला याच वाड्यात झाला, हे खरं. पौर्णिमेच्या रात्री ऐकू येणाऱ्या हाका वगैरे सोडून द्या. त्यापेक्षा पुढचा भाग थरारक आहे: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी गादीवर बसलेल्या राघोबादादांनाच दोषी ठरवलं. मुलांना गोष्ट सांगायचीच असेल तर ही सांगा.

पायरी ४. तिथून चालत विश्रामबागवाडा

शिवाजी रस्त्याने दगडूशेठवरून, भिडेवाड्याच्या जागेवरून पुढे या आणि उजवीकडे वळून बाजीराव रस्ता गाठा. तुळशीबागेच्या गर्दीत न अडकता पोहोचलात तर कौतुक आहे.

दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ च्या सुमारास पूर्ण झाला. इंग्रजांनी पेशवाई बुडवल्यावर १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे त्या संस्थेचं डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीत वाड्याचा बराच भाग जळाला, पण दर्शनी बाजू टिकली आणि बघायची तीच. समोरच्या फुटपाथवर उभे राहा. सुरूच्या झाडासारखे वर निमुळते होत जाणारे कोरीव लाकडी खांब, त्यांच्यावर केळफुलासारखी नक्षी, मधला पुढे आलेला सज्जा. आता शनिवारवाड्यातले रिकामे चौथरे आठवा आणि त्यांच्यावर हे खांब मनातल्या मनात उभे करा.

आत प्रवेश मिळत असेल तर भाग्य समजा आणि मान वर करून कडीपाट, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांचं छत, बघा. बंद असेल तरी दर्शनी भागासाठी पंधरा मिनिटं द्या.

पायरी ५. राजा दिनकर केळकर संग्रहालय, आणि इथे वेळ काढून

याच बाजीराव रस्त्याने दक्षिणेला, नातूबागेजवळ. वाटेत जेवून किंवा निदान मिसळ खाऊन घ्या, कारण इथे उपाशीपोटी दोन तास उभं राहता येत नाही आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ देण्यात अर्थ नाही.

डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६ ते १९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता करत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि त्याच्या नावाने हा संग्रह उभा राहिला. पत्नी कमलाबाई या खटाटोपात पूर्णपणे सामील होत्या. जुन्या वाड्यांमधून, खेड्यांमधून, भंगाराच्या दुकानांतून लोक ज्या वस्तू टाकून देत होते त्या या जोडप्याने गोळा केल्या. वीस हजारांच्या आसपास वस्तू जमल्या, त्यातला थोडाच भाग दालनांत मांडलेला आहे. पुढे संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला.

राजेरजवाड्यांची सिंहासनं आणि मुकुट बघायची अपेक्षा ठेवू नका. इथे घर आहे. अडकित्त्यांचंच बघा: पोपटाच्या आकाराचे, घोड्याच्या आकाराचे, माणसांच्या जोड्यांचे. सुपारी कातरायच्या साधनावर एवढी कल्पकता कोणी का खर्च करावी? कारण पानसुपारी हा बैठकीचा शिष्टाचार होता आणि अडकित्ता पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे असायचा. पाय घासायच्या वज्रींवरही पक्षी आणि हत्ती आहेत, आणि ती तर कोणाला दिसायचीही नाही. दौती, दिवे, लामणदिवे, कुलपं, वाद्यं, सोंगट्यांचे पट, कोरीव दरवाजे, सगळं आहे.

म्हणून सगळं बघू नका. एक वस्तुप्रकार निवडा आणि प्रत्येक दालनात तोच शोधा. दिव्यांनी सुरुवात करणं सोपं. तेल कुठे भरायचं, वात कुठे यायची, टांगायचा की ठेवायचा की हातात धरायचा, एवढं बघत गेलात तरी वीज नसलेलं घर संध्याकाळी कसं दिसत असेल ते समजायला लागतं. बरोबर आजी किंवा आजोबा असतील तर पाट्या वाचायची गरजच नाही. "हे आमच्याकडे होतं" या वाक्याने सुरू होणारं त्यांचं निवेदन कोणत्याही पाटीपेक्षा चांगलं असतं.

मस्तानी महाल मात्र चुकवू नका. कोथरूडला मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे भाग आणून इथे त्याची उभारणी केली आहे. सकाळी शनिवारवाड्यात तिच्या नावाचा दरवाजा पाहिलात, दुपारी तिच्या दिवाणखान्यात उभे राहता.

या दिवशी आणखी काही बघू नका. पाय आणि डोकं दोन्ही संपलेलं असतं.

पायरी ६. दुसऱ्या दिवशी पेशवाईच्या बाहेर पडा

पुण्याचा इतिहास म्हणजे पेशवे, या समजुतीला इथे छेद द्यायचा. गंज पेठेतला महात्मा फुले वाडा छोटा आहे. दगड, विटा, कौलं, साधं अंगण. शनिवारवाड्यानंतर तो मुद्दाम बघावा असं माझं मत आहे, कारण दोन घरांच्या आकारमानातच एकोणिसाव्या शतकातला झगडा दिसतो. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहत. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. कात्रजचा नळ आठवला? शहरभर हौद होते आणि कोणी कुठे पाणी भरायचं ते जात ठरवत होती. ज्या शहरात कारंज्यांना पाणी होतं तिथे एका घराने आपला हौद उघडणं ही घटना होती. जोतीराव २८ नोव्हेंबर १८९० ला वारले, त्यांची समाधी याच आवारात आहे. वाडा बघायला अर्धा तास पुरतो, पण भिंतींवरची माहिती सावकाश वाचा. पुण्यतिथीच्या दिवशी गर्दी असते, आणि ती गर्दीही बघण्यासारखी असते.

तिथून रिक्षाने नारायण पेठेत केसरीवाडा. पूर्वीचा हा गायकवाडवाडा, बडोद्याच्या गायकवाडांचा. लोकमान्य टिळकांनी तो १९०५ मध्ये विकत घेतला. आतल्या संग्रहालयात टिळकांच्या वापरातल्या वस्तू आणि कागदपत्रं आहेत. शिवाय एक झेंडा आहे: मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकवलेला. स्वतंत्र भारताचा म्हणून परदेशात फडकलेल्या सुरुवातीच्या झेंड्यांपैकी हा एक. तो नारायण पेठेत आहे हे पुण्यात जन्म काढलेल्या अनेकांना माहीत नसतं. आवारात फिरताना हे कोणाचं तरी घर आणि कामाची जागा आहे याचं भान ठेवा.

पायरी ७. आगाखान पॅलेसला स्वतंत्र सकाळ

नगर रस्त्यावरचा हा राजवाडा तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं हा हेतू होता. इमारत देखणी आहे, कमानी आणि व्हरांडे भव्य आहेत, आणि त्यामुळेच लोक फोटो काढून परत जातात. खरं बघण्यासारखं आहे ते म्हणजे हा राजवाडा तुरुंग कसा झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या ठरावानंतर गांधीजींना पकडून इथे ठेवलं. कस्तुरबा, महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडूही इथेच होत्या. आठवडाभरातच, १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. पुढच्या फेब्रुवारीत गांधीजींनी इथे एकवीस दिवसांचं उपोषण केलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या आणि मे महिन्यात गांधीजींची सुटका झाली. या तारखा मनात घेऊन खोल्यांमधून फिरा, साध्या वस्तूंना वजन येतं. मग मागच्या बाजूला समाध्यांपाशी जा. बरेच जण तिथपर्यंत पोचतच नाहीत. समाधिस्थळाची रचना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची आहे. तिथे आवाज कमी ठेवा, आणि लग्नाआधीचं फोटोशूट तिथे करू नका हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

पायरी ८. गोडी लागली तर

डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय येरवड्याला आहे, कामाच्या दिवशी जावं. शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या उत्खननातले अवशेष तिथे आहेत. तीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी शेती करणारी माणसं मृतांना घराच्या जमिनीखालीच पुरत. ते दफन समोर दिसलं की पेशवाई अगदी परवाची वाटायला लागते. त्याच आवारात मराठ्यांच्या इतिहासाचंही संग्रहालय आहे.

सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं संग्रहालय आहे. त्यांच्या पत्नी माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे आहेत, त्यांत त्यांचं व्हायोलिनही. पर्वतीवर लोक व्यायामाला चढतात, पण वर पेशवे संग्रहालय आहे. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांचा अंत १७६१ मध्ये पर्वतीवरच झाला. क्वीन्स गार्डनजवळच्या आदिवासी संग्रहालयात वारली चित्रं, मुखवटे आणि शेतीची अवजारं बघायला मिळतात आणि तिथे गर्दी जवळजवळ नसते.

सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, स्थापना १९१०, ही मुळात अभ्यासकांची जागा. वि. का. राजवाड्यांसारख्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या कागदांची परंपरा तिथे चालू आहे. सहज फेरफटका म्हणून जाऊ नका. एखादा नेमका प्रश्न घेऊन जा: आपल्या गावाचं, आडनावाचं, एखाद्या लढाईचं काही मिळेल का. जुने कागद ज्या लिपीत आहेत ती मोडी येत नसेल तर पुण्यात तिचे वर्ग चालतात, आधी ते करा.

राहता राहिले खासगी वाडे. कसबा, शनिवार, सदाशिव पेठांत अजून काही उभे आहेत आणि त्यांत कुटुंबं राहतात. दिंडी उघडी दिसली म्हणून आत शिरू नका. बाहेरून हाक मारा, "काका, चौक बघितला तर चालेल का?" असं विचारा, चपला बाहेर काढा. नाही म्हणाले तर वाद घालू नका. हो म्हणाले तर घरातल्या माणसांचे, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. दुपारी एक ते चारमध्ये मात्र हाक मारूच नये, याचं कारण पुण्यात विचारायचं नसतं. हेरिटेज वॉक घेणारे गट अशा काही वाड्यांत परवानगी घेऊन नेतात. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलेलं सोयीचं पडतं, कारण कुठल्या वाड्याचं दार कधी उघडतं ते त्यांना माहीत असतं.